मधली रेघ आणि शेवटची ओळ

मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा कोणतं वाक्य लिहिलं असेल, तर ते हे: ‘मराठी व इंग्रजी मजकुरात तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरण्यात येईल.’ स्वतःची सहीसुद्धा मी इतक्या वेळा केली नसेल. आधी टाइपरायटरवर, मग संगणकावर, आणि संगणकावर आल्यावर तर ते वाक्य मी वेगळं साठवूनच ठेवलं होतं. काम संपलं की चिकटवायचं आणि छापायचं.

नाशिकच्या द्वारका चौकात एका ट्रान्स्पोर्ट कचेरीच्या वरच्या मजल्यावर माझी खोली होती. पाटीवर ‘मराठी-इंग्रजी टंकलेखन व भाषांतर’ लिहिलेलं. खाली टायरवाला, शेजारी गाड्यांच्या सीटा शिवणारा. माझ्या खोलीत कागदापेक्षा रबराचाच वास जास्त यायचा. एम. ए. होऊन शाळेत नोकरी लागेना म्हणून तात्पुरतं म्हणून हे सुरू केलं आणि सव्वीस वर्षं केलं. आजूबाजूचे लोक मला ‘कागदवाल्या बाई’ म्हणत. मला ते आवडायचं.

धंदा समजायला अगदी सोपा. ट्रक, टेम्पो, रिक्षा यांना कर्ज देणाऱ्या कंपन्या नव्वदच्या दशकात नाशकात भराभर आल्या. त्यांचे करार इंग्रजीत. गाडी घेणारा दिंडोरीचा नाहीतर सिन्नरचा. तो इंग्रजी कागदावर डोळे झाकून सही करायचा, पण पुढे वाद झाला की ‘मला काय लिहिलंय ते कळलंच नव्हतं’ म्हणायचा. म्हणून कंपन्यांना मराठी प्रत लागायची. ती मी करायची. गिऱ्हाईक मराठी वाचून सही करणार, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, वर सांगितलेलं वाक्य. म्हणजे बाबा रे, तू हे जे वाचलंस ते ठीक आहे, पण खरं काय ते दुसऱ्या कागदावर आहे, आणि तो कागद आमच्याकडे आहे.

सुरुवातीची वर्षं मला त्या ओळीचं काही वाटायचं नाही. उलट आधारच होता. आपली एखादी चूक राहिली, तरी सांभाळून घ्यायला इंग्रजी आहे, असं वाटायचं.

मजा शब्दांची होती. गाडी तारण ठेवायची पण ती वापरायला मालकाकडेच राहायची, अशा व्यवहाराला कायद्याच्या मराठीत ‘नजरगहाण’ म्हणतात. शब्द किती सुरेख, म्हणून मी तो मोठ्या हौसेने वापरला. दोनेक महिन्यांनी घोटीचे एक राइस मिलवाले गृहस्थ माझ्याकडे आले. पांढरी टोपी, हातात कराराची गुंडाळी. त्यांनी शांतपणे विचारलं, “बाई, नजर ठेवायला कंपनीचा मानूस कवा येनार? मिलशेजारची खोली सारवून ठेवलीय. तो जेवनार आमच्यातच ना?”

मी त्यांना समजावून सांगितलं, की माणूस वगैरे कोणी येणार नाही. कर्ज फिटेपर्यंत टेम्पो विकायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यांचा चेहरा उतरला. मिलला आयता राखणदार मिळणार म्हणून त्यांनी घरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. जाताना म्हणाले, मग तसं लिहायचं की. त्या दिवसापासून मी प्रत्येक अवघड शब्दाखाली साध्या मराठीत एक ओळ लिहायला लागले. कंपन्यांनी कुरकुर केली, पानं वाढतात म्हणाल्या. मी त्या जादा ओळींचे पैसे लावले नाहीत, म्हणून चाललं.

पण एक माणूस मला अजून आठवतो आणि बरं वाटत नाही. तो सटाण्याकडचा होता. कर्ज मुदतीआधी फेडायचं तर कंपनीला आधी कळवायचं, अशी एक अट असे. इंग्रजीत ‘तीस दिवस’ होते. मी मराठीत ‘एक महिना’ लिहिलं होतं. कुणाला फरक वाटेल? त्याने एक फेब्रुवारीला अर्ज दिला आणि एक मार्चला पैसे घेऊन गेला. कंपनीने सांगितलं, तीस दिवस भरले नाहीत, आणखी एका हप्त्याचं व्याज पडेल. तो माझा पत्ता काढत आला. कागद पुढे ठेवून म्हणाला, “हाई तुमीच लिखेल शे ना? मंग हाई खोटं कसं?”

मी बोट ठेवून त्याला शेवटची ओळ दाखवली. इंग्रजी धरतात, मी म्हणाले. त्याने ती ओळ दोनदा वाचली, कागदाची घडी केली आणि जिना उतरून गेला. मी त्याचं नावही विचारलं नाही. त्यानंतर सगळ्या करारांत ‘तीस दिवस’ लिहायला लागले, पण जुन्या करारांतली चूक कंपनीला कळवली नाही. काम जाईल अशी भीती होती. खरं सांगायचं तर एवढंच कारण होतं.

पुढे दोन हजार सालानंतर खाजगी विमा कंपन्या आल्या. त्यांतल्या एका कंपनीचं नाशिकचं सगळं मराठी काम मला मिळालं. माझं निम्म्याहून जास्त उत्पन्न त्या एकाच कंपनीचं. तिथले प्रधान साहेब व्यवस्थित माणूस. कागद वेळेवर पाठवायचे, बिल वेळेवर द्यायचे आणि मला ‘मॅडम’ म्हणायचे. द्वारकेला मला मॅडम म्हणणारे ते एकटेच.

मखमलाबादच्या यमुनाबाई माझ्याकडे आल्या, त्या याच कंपनीच्या विम्याचा कागद घेऊन. पन्नाशीच्या आतबाहेर, काटक, कपाळाला मोठं कुंकू, हाताला झेंडूचा वास. बरोबर नवरा, रामनाथ. कुबड्या घेऊन तो जिना चढला आणि वर आल्यावर आधी हसला. त्याच्या डाव्या पायाचं पाऊल काढलेलं होतं.

या नवराबायकोची दोन एकरांवर शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. फुलं बाजारात न्यायला त्यांनी तीनचाकी टेम्पो घेतला होता. कर्ज महिला बचत गटाच्या योजनेतून मिळालं, म्हणून टेम्पो यमुनाबाईंच्या नावावर. चालवायचा रामनाथ, लायसन त्याचं. दिंडोरी रस्त्याला पहाटेच्या धुक्यात द्राक्षाच्या क्रेट भरलेला एक ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय उभा होता, त्यावर टेम्पो आदळला आणि पाऊल गेलं.

विम्यात गाडीबरोबर ‘ओनर-ड्रायव्हर’चा अपघात विमा होता. यमुनाबाईंनी रीतसर अर्ज केला. तो नामंजूर झाला. कंपनीचं म्हणणं असं, की इंग्रजीत ओनर-ड्रायव्हर म्हणजे स्वतःची गाडी स्वतः चालवणारा एकच माणूस. इथे मालक बायको, चालक नवरा. नवऱ्याला विमा लागू नाही.

मी मराठीत काय लिहिलं होतं, ते यमुनाबाईंनी माझ्यासमोर धरलं. ‘मालक-चालक यांना अपघातात कायमचे अपंगत्व आल्यास...’

मी ते दोन शब्द पुन्हा वाचले. इंग्रजीतली ती आडवी रेघ दोन शब्दांचा एक माणूस करते. मराठीतली रेघ तसं काही करत नाही. सासू-सून म्हटलं की कुणाला एकच बाई दिसत नाही. आई-वडील, बहीण-भाऊ, शेठ-नोकर. प्रत्येक ठिकाणी दोघं दोघंच राहतात. आणि वर मी ‘यांना’ लिहिलेलं. कोणीही मराठी माणूस ते ‘मालक आणि चालक, दोघांनाही’ असंच वाचणार. ‘स्वतः वाहन चालवणारा मालक’ एवढं लिहिलं असतं तरी काम झालं असतं. मी इंग्रजीची रेघ उचलून मराठीत ठेवली होती, आणि छान जमलं म्हणून पुढे गेले होते. नजरगहाणाखाली एक ओळ लिहिणारी मी, हे दोन शब्द सोपे म्हणून मी त्यांच्याखाली काही लिहिलं नव्हतं.

यमुनाबाई रागावल्या नव्हत्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, कागद पूर्ण वाचलेला. त्यांनी एवढंच विचारलं, की आम्ही वाचलं ते बरोबर वाचलं की चुकीचं? मी सांगितलं, तुम्ही बरोबर वाचलंत, मी चुकीचं लिहिलं.

“मंग हे तुमी तिथं सांगशाल का?” त्या म्हणाल्या. तिथं म्हणजे ग्राहक मंचात. त्यांनी तक्रार दाखल केलेली होती.

मी विचार करून सांगते म्हणाले. चार दिवस मी विचार केला, म्हणजे काय, तर हिशेब केला. खोलीचं भाडं, नव्या संगणकाचा हप्ता, मुलीची कॉलेजची फी. पाचव्या दिवशी कुठून तरी कळून प्रधान साहेबांचा फोन आला. ते रागाने बोलले नाहीत. म्हणाले, शेवटची ओळ आहेच ना, तिच्यामुळे तुमच्यावर काही येत नाही, तुम्ही कशाला मध्ये पडता. माझ्या भल्यासाठीच सांगत होते. पण ‘शेवटची ओळ आहेच’ हे ऐकताना मला तो जिना उतरणारा सटाण्याचा माणूस दिसला. मी फोन ठेवला आणि माझं प्रतिज्ञापत्र मीच टाइप करायला घेतलं. दुसऱ्यांची हजारो केली होती, स्वतःचं पहिलंच. टाइप करताना हात हलके झाले होते, एवढं मला पक्कं आठवतं.

ग्राहक मंचात बहुतेक सगळं कागदावर चालतं. पण त्या दिवशी अध्यक्षांनी यमुनाबाईंना समोर बोलावून घेतलं. कंपनीच्या तरुण वकिलाने त्यांना एकच प्रश्न विचारायची परवानगी मागितली. त्याला त्यांच्या तोंडून कबूल करून घ्यायचं होतं, की गाडी मालक चालवत नव्हता.

“अपघात झाला तेव्हा गाडी कोण चालवत होतं?”

“मालक,” यमुनाबाई म्हणाल्या.

वकील गोंधळला. “म्हणजे तुम्ही?”

“नाय. मालक.” आणि त्यांनी बाकावर बसलेल्या रामनाथकडे हात केला.

आमच्याकडे गावात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मालक म्हणतात. यमुनाबाई जन्मभर म्हणत आल्या होत्या, तशाच म्हणाल्या. कारकून लिहून घेत होता, ‘गाडी मालक चालवत होते.’ वकील म्हणाला, ते काढा, ते काढा, मालक या स्वतः आहेत. यमुनाबाईंना ते पटेना; टेम्पोचं पुस्तक माझ्या नावावर आहे, पण मालक हेच, असं त्या सांगायला लागल्या. मागच्या बाकांवर हसू पसरलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. ते पुष्कळ वेळ चष्माच पुसत होते.

मग त्यांनी मराठी कागद यमुनाबाईंच्या हातात दिला आणि तो शब्द वाचायला सांगितला. त्यांनी वाचला. याचा अर्थ तुम्ही काय लावलात, असं अध्यक्षांनी विचारलं.

“टेम्पो माझा, चालवनार हे,” यमुनाबाई म्हणाल्या. “मधी रेघ हाय ती आमची जोडी हाय म्हनून.”

त्यानंतर माझी पाळी आली. मी उभी राहून सांगितलं, की भाषांतर माझं आहे आणि बाईंनी लावलेला अर्थ मराठीप्रमाणे बरोबर आहे. चूक माझी आहे, त्यांच्या वाचण्याची नाही. वकिलाने लगेच शेवटची ओळ काढली. तफावत असेल तर इंग्रजी मजकूर धरायचा, हे ग्राहकाने सही करून मान्य केलेलं आहे. आणि हे वाक्यही याच बाईंनी लिहिलेलं आहे. हो, म्हणाले, मीच लिहिलं आहे.

अध्यक्षांनी वकिलाला विचारलं, इंग्रजी प्रत यांना दिली होती का? वकील म्हणाला, ती कार्यालयात असते, मागितली की दाखवतात. तेव्हा अध्यक्ष जे बोलले ते मी तिथल्या तिथे माझ्या पिशवीवर पेन्सिलीने लिहून घेतलं. ते म्हणाले, “तफावत आहे की नाही, हे कळायला दोन्ही कागद हातात लागतात. तुम्ही एकच दिलात. मग जो दिलात तोच धरू.”

महिन्याभराने निकाल लागला. यमुनाबाईंच्या बाजूने. कंपनी अपिलात गेली नाही, विम्याची रक्कम दिली. गंमत म्हणजे निकालपत्र इंग्रजीत आलं, आणि ते मराठीत करून द्यायला यमुनाबाई माझ्याकडेच आल्या. मी आयुष्यात इतकं काळजीपूर्वक भाषांतर केलं नसेल. प्रत्येक रेघ तपासली. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि कागद उलटून मागची बाजू पाहिली. काय शोधताय, म्हणून मी विचारलं.

“शेवटची वळ कुठंय?”

म्हटलं, याला नाही ती ओळ. त्या समाधानाने हसल्या आणि टेबलावर शेवंतीची एक पाटी ठेवून गेल्या. दोन दिवस माझ्या खोलीत रबराचा वास आला नाही. खालचा टायरवालासुद्धा वर येऊन बसला.

प्रधान साहेबांचं काम मात्र बंद झालं. जवळजवळ वर्षभर. मी लग्नपत्रिका केल्या, सोसायट्यांची इतिवृत्तं टाइप केली, एका वाइनवाल्याच्या बाटलीवरचा मजकूर मराठीत केला. ओढाताण झाली, नाही असं नाही. पण जिना चढताना मान वर करून चढत होते, याचीही एक मजा असते.

मग एका दुपारी प्रधान साहेब स्वतः आले. मागून शिपायाने कागदांचं खोकं आणून ठेवलं. साहेब खुर्चीवर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, “मॅडम, रेघा तपासायच्या आहेत.” मुंबईच्या मुख्य कचेरीने सगळे मराठी फॉर्म पुन्हा बघायला सांगितले होते. त्यांनी दुसऱ्या दोघांकडून करून पाहिलं होतं. ते वाचून त्यांना स्वतःलाच काही कळलं नाही, असं त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं.

मी काम घेतलं, पण दोन गोष्टी मागितल्या. गिऱ्हाईकाला दोन्ही प्रती द्यायच्या. आणि शेवटची ओळ मी नव्याने लिहिणार. पहिली त्यांनी तिथेच कबूल केली. दुसरीसाठी ते हसले आणि म्हणाले, वकील ऐकायचे नाहीत. मी म्हटलं, विचारून तर बघा.

वकिलांनी पाच महिने घेतले. कागद मुंबईला गेला की लाल होऊन परत यायचा. साहेबांनी तो कंटाळा न करता पुन्हा पुन्हा पाठवला, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. शेवटी मुंबईने मान्य केलं, फक्त टेम्पो आणि रिक्षांच्या विम्यापुरतं. बाकीच्या सगळ्या फॉर्मवर जुनी ओळ तशीच राहिली, आणि ती मी पुढेही लिहीत राहिले. पण एका फॉर्मवर, तळाशी नाही तर पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत छापून आलं: ‘या कराराची मराठी व इंग्रजी अशा दोन्ही प्रती ग्राहकाला दिल्या आहेत. दोन्हींत फरक आढळल्यास ग्राहकाच्या हिताचा अर्थ धरला जाईल.’ छापखान्यातून पहिला गठ्ठा आला तेव्हा मी एक फॉर्म घरी नेला आणि मुलीला मोठ्याने वाचायला लावला. मग शेजारच्या वहिनींना बोलावून पुन्हा वाचायला लावला.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी यमुनाबाई विम्याचं नूतनीकरण करायला आल्या. खरं तर हे काम कंपनीत व्हायचं, पण त्यांनी प्रधान साहेबांना सांगितलं होतं, मी सही बाईंच्या समोर करीन. रामनाथला आता कृत्रिम पाऊल बसवलं होतं. तो फुलांची तोडणी आणि बाजारात दराचं बोलणं बघायचा, आणि टेम्पो यमुनाबाई चालवायच्या. नवऱ्यानेच वावरात शिकवला होता, दोन वाफे झेंडूचे मोडून. लायसन पहिल्या परीक्षेत मिळालं, हे त्यांनी मला बसायच्या आधी सांगितलं.

मी फॉर्म पुढे केला. चार पानं. त्यांनी पदराने हात पुसले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या, ओठ हलवत, बोट फिरवत. खाली दसऱ्याची गर्दी. टेम्पो ऐन चौकाच्या तोंडाशी उभा केलेला. मागे हॉर्नवर हॉर्न. ट्रॅफिक पोलिसाची शिट्टी सुरू झाली ती थांबेना. मी म्हटलं, यमुनाबाई, आधी गाडी बाजूला घेऊन या, कागद कुठे पळून जात नाही.

“वाजूंद्या,” त्या म्हणाल्या. “वाचल्याबिगर सही नाय.”

मी खिडकीतून खाली पाहिलं. रामनाथ फुलांच्या पोत्यांमध्ये बसला होता आणि पोलीस त्याला विचारत होता, गाडीचा ड्रायव्हर कुठे गेला म्हणून.

“वर कागद वाचतीय, साहेब,” रामनाथ म्हणाला. “तिसऱ्या पानावर आली आसंल आता.”

मी वळून पाहिलं. यमुनाबाई चौथ्यावर होत्या.